वारकऱ्यांमधला अर्धा र

तक्रारीचं तिकीट दोनच ओळींचं होतं. ‘दूध बिल अडकले आहे, नाव जुळत नाही असे दाखवते. सलग दुसऱ्यांदा.’ मंगळवारची संध्याकाळ, सहा वाजून गेलेले, आणि प्राधान्याच्या रकान्यात कुणीतरी ‘कमी’ असं निवडलेलं. मी असते तर मीही तेच निवडलं असतं.

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, मोजलं जातं, त्यावर दर लागतो, आणि दर दहा दिवसांनी बिल निघून पैसे उत्पादकाच्या खात्यात जातात. पैसे सुटण्याआधी एक तपासणी होते. केंद्राच्या सभासद यादीतलं नाव आणि खात्यांच्या यादीतलं नाव एकच आहे का, एवढंच पाहायचं. एक नसेल तर बिल बाजूला ठेवायचं, माणसाने डोळ्यांनी बघेपर्यंत. ही तपासणी चार वर्षांपूर्वी मीच लिहिली होती.

दोन्ही नावं मी शेजारी शेजारी उघडली. एकीकडे ‘कुऱ्हाडे’. दुसरीकडे ‘कुर्हाडे’, ह च्या डोक्यावर रफार घेतलेलं. ऑफिस रिकामं होत होतं, कॅब सुटायची वेळ झाली होती आणि मी त्या रफाराकडे बघत बसले. मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याच्यावर चिडतच मोठी झाले आहे.

अप्पा, माझे वडील, सासवडचे पेंटर. भिंती नव्हे, अक्षरं रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकवरचे दिंडी क्रमांक, आणि ऊन तापायच्या आत रसवंतीचे बोर्ड. पुण्या-मुंबईत जिथे तिथे ‘कानिफनाथ रसवंती गृह’ दिसतं, त्याचं मूळ आमच्या पुरंदर तालुक्यात आहे. बोपगावच्या कानिफनाथाच्या परिसरातली माणसं हा धंदा घेऊन बाहेर पडली. त्यांच्यातले काहीजण पाटी सासवडलाच रंगवून घ्यायचे आणि गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर टाकून न्यायचे.

पण अप्पांचा खरा हंगाम पालखीचा. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते. त्याआधीचे पंधरा दिवस घरात टर्पेंटाइनचा वास आणि जिकडेतिकडे पसरलेलं कापड. मंडळं, पतपेढ्या, किराणा दुकानदार, सगळ्यांना एकच मजकूर हवा असायचा: ‘वारकऱ्यांचे सहर्ष स्वागत’. शाळेतून आले की कापडाचं दुसरं टोक धरायचं काम माझं. सुतळीला खडू चोळायचा, ती दोन्हीकडून ताणायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची, की कापडावर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषा. ‘वारक’पर्यंत अप्पांचा हात भरभर चालायचा. मग ते थांबायचे. ब्रश डब्याच्या कडेला पुसून टोकदार करायचे आणि श्वास धरून एका फटक्यात तो अर्धा र काढायचे. य च्या डाव्या अंगाला टेकलेली छोटी आडवी कोर. पुसून पुन्हा काढायला जागाच नसलेली.

“हा र वर जात नाही,” ते सांगायचे. “वर गेला की शब्द बदलला.”

आणि खरंच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांच्या. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना स्वयंपाकाचं विचारतात. रफार आला की आधीच्या अक्षरावर जिभेचा जोर पडतो, अर्ध्या र मुळे पडत नाही. ‘सूर्य’ म्हणून पाहा आणि मग ‘सुऱ्या’ म्हणून पाहा. अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. व्याकरणाचा हा नियम त्यांनी पुस्तकात वाचला नसेल, तो त्यांच्या मनगटात होता.

मी नववीत असताना सासवडच्या चौकात पालखीसाठी पहिला मोठा फ्लेक्स लागला. वीस फूट लांब, त्यावर डझनभर चेहरे, आणि खाली ‘वारकर्यांचे सहर्ष स्वागत’. त्या काळच्या फॉन्टमध्ये तो अर्धा र कुठल्या तरी आडबाजूच्या कळीवर असायचा आणि फ्लेक्सच्या दुकानात टाइप करणाऱ्या पोराला ती कळ माहीत नसायची. धंदा चालला याबद्दल अप्पा त्या वर्षी एक शब्द बोलले नाहीत. त्या रफाराबद्दल मात्र दोन दिवस बोलत होते. “एवढं मोठं मशीन आणून त्याला र काढायला शिकवला नाही?”

मी तो प्रश्न डोक्यात ठेवून कॉम्प्युटर शिकले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी कॉम्प्युटर शिकले कारण त्या शाखेत नोकऱ्या होत्या. पण प्रश्न कुठेतरी राहिला असणार, नाहीतर त्या मंगळवारी मला इतकं लागलं नसतं. कारण शोध घेत घेत मी जिथे पोचले ती ओळ माझीच होती.

झालं होतं ते असं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक आहे. हा अर्धा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, मूळचं दक्षिणेकडच्या भाषांमधला र देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेलं. त्याला हलन्त लावून पुढे य किंवा ह लिहिला की आपला अर्धा र उमटतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून हा ऱ मिळतो. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. या जोडकाला रुंदी नाही, आकार नाही. शेजारच्या अक्षरांनी एकमेकांशी कसं जुळायचं एवढंच तो सांगतो. डोळ्यांना दोन्ही वाटांनी ‘कुऱ्हाडे’च दिसतं. मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. ऱ च्या ऐवजी र आणि नुक्ता (खालचं टिंब) असं वेगवेगळं लिहिलं असेल तर युनिकोडचं नॉर्मलायझेशन ते एकच धरतं. जोडकाच्या वाटेला तेवढीही सवलत नाही.

खात्यांच्या यादीत नाव जोडक घालून लिहिलेलं होतं. केंद्राच्या सचिवांनी यंदा सभासद यादी मोबाइलवरून नव्याने भरली, तिच्यात ऱ होता. आणि मध्ये उभं होतं माझं साफसफाईचं फंक्शन. एक्सेलमधून, व्हॉट्सॲपमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर न दिसणारा कचरा येतो, तो काढायला मी इंटरनेटवर सगळीकडे सापडणारी एक ओळ घेतली होती. क्रमांक २००बी पासून २००डी पर्यंतचं आणि एफईएफएफ, जे दिसेल ते पुसून टाक. मी जोडक पुसला. जोडक गेल्यावर र आणि ह यांनी नियमाप्रमाणे रफार केला. चौकातल्या फ्लेक्सवर जे झालं तेच.

मी त्या रात्री माझ्या जुन्या चाचण्या उघडून पाहिल्या. पाटील, जाधव, शिंदे, देशमुख, पवार. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी सासवडची. कऱ्हेच्या काठची. जिच्या काठावर वाढले त्या नदीचं नावही त्या यादीत घालावंसं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, माझ्या फंक्शनने आजवर जोडक काढलेली सगळी नावं शोधणारी क्वेरी चालवली. यादी पडद्यावर मावेना. गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडे, पऱ्हाड, कऱ्हाडकर. पत्त्यांच्या रकान्यात कऱ्हाटी, वऱ्हाड. कुणाचं बिल अडकलं नव्हतं, कारण दोन्ही याद्यांत सारखीच मोडतोड झाली होती. चुका एकमेकींशी जुळत होत्या म्हणून चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता. पावतीवर आपलं नाव चुकीचं छापून येतंय हे त्या माणसांना दिसलं असणारच. पैसे येताहेत ना, मग कशाला बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले असणार. हे मला अडकलेल्या बिलापेक्षाही जास्त बोचलं.

सकाळच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक सहकारी, चांगला मुलगा, मनापासून म्हणाला, “एज केस होती ना पण ती.” हा शब्द आमच्या धंद्यात दिवसातून दहादा येतो. कडेची, क्वचित घडणारी गोष्ट. मी त्याला फळ्यावर लिहून दाखवलं: शेतकरी, शेतकऱ्यांना. अधिकारी, अधिकाऱ्यांनी. कर्मचारी, कर्मचाऱ्यांचा. सातबारा, सातबाऱ्यावर. वारा, वाऱ्याने. दुसरा, दुसऱ्या. मराठीत रा किंवा री ने संपणाऱ्या शब्दाला प्रत्यय लावायला गेलं की पुष्कळ वेळा हा र येतो. शेतकऱ्यांसाठी निघालेला कुठलाही सरकारी कागद याच्याशिवाय पूर्ण होत नाही. दुधाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातलं अक्षर कडेचं कसं असेल?

आणि एक गोष्ट मी तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. तोच अदृश्य जोडक इमोजीतही असतो. आई, बाबा आणि मूल असं एकत्र कुटुंब दिसतं ना, ते तीन वेगळे चेहरे याच २००डी ने बांधलेले असतात. जोडक पुसला की कुटुंब सुटं होतं. पूर्वीच्या एका नोकरीत असं झालं होतं आणि त्याच दिवशी धावपळ करून ते दुरुस्त झालं होतं. कारण ऑफिसातला प्रत्येकजण इमोजी वापरत होता. कुठली चूक तातडीची आणि कुठली ‘कमी’, हे आम्ही आमच्या रोजच्या आयुष्यावरून ठरवतो. ज्यांच्या नावाने आम्ही कोड लिहितो त्यांच्या आयुष्यावरून ठरवत नाही. मला वाटतं, आमच्या कामातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे, आणि तो नवीन भाषा किंवा नवीन फ्रेमवर्क शिकून जाणार नाही.

मुलाखतींना मी बसते तेव्हा वर्षानुवर्षं एक सोपा प्रश्न विचारत आले: दिलेला शब्द उलटा करून दाखवा. उमेदवार दोन ओळी लिहितो, ‘हॅलो’ उलटा होतो, पुढे जायचं. परवा मी पहिल्यांदाच ‘ज्ञानेश्वर’ दिला. आपण वाचतो चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. कॉम्प्युटर मोजतो दहा चिन्हं, आणि साठवायला लागतात तीस बाइट, कारण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. दोन ओळींच्या उत्तराने उलटं केलं की येतं ‘रव्शेनाञ्ज’. परभणीकडची एक मुलगी होती, पहिल्याच नोकरीसाठी आलेली. तिने ते पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, हे चुकलंय. अक्षरं तुटली.” मग आम्ही दोघी अर्धा तास बसून अक्षर म्हणजे नेमकं काय यावर बोललो. जोडाक्षर हे एकच अक्षर म्हणून मोजायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत आला, २०२३ साली. आपल्याकडे पहिलीतलं मूल पाटीवर जे मोजतं ते मोजायला मशीनला इतकी वर्षं लागली. तिला घ्या असं मी लिहून दिलं. तुटलेलं अक्षर तिला दिसलं, मला एवढं पुरेसं होतं.

मशीनला मराठी आपोआप आलेली नाही, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्कीचं मानक बसवलं गेलं, १९८८ सालच्या त्याच्या रूपावर युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी उभी राहिली. पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जे केलं ते तर आमच्या दारातलं. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मंगल हा फॉन्ट घडवला आणि तो विंडोज २००० बरोबर घराघरांत गेला. कचेऱ्यांत आजही तो दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाच्या मंडळींनी मुक्ता, बालू असे फॉन्ट करून सगळ्यांना मोकळे दिले. ‘ॲप’ मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून, वाद घालून, कागदपत्रं लिहून ते अक्षर आत नेलं आहे. त्यांनी एवढ्या कष्टाने आत आणलेलं मी एका उसन्या ओळीने पुसत होते.

ती ओळ उसनी होती, इथे थोडं थांबायला हवं. हल्ली आमच्याकडे निम्मा कोड एआय मदतनीस सुचवतो. मी त्याच्या विरोधात नाही, रोज वापरते, कंटाळवाण्या कामातून तो खरंच सोडवतो. दुरुस्ती करताना मी त्यालाच विचारून पाहिलं, की मजकुरातली न दिसणारी चिन्हं कशी काढू. त्याने तीच ओळ दिली. २००बी ते २००डी. साहजिक आहे, इंटरनेटवर ती हजारो ठिकाणी आहे आणि तो तिथूनच शिकला. मग मी मराठी नावांचं सांगितल्यावर त्याने लगेच चूक मान्य केली आणि व्यवस्थित उत्तर दिलं. म्हणजे माहिती त्याच्याकडे होती, विचारणारं कुणीतरी हवं होतं. वेग वाढला आहे यात शंका नाही. पण काय विचारायचं हे ज्याला सासवडच्या चौकात उभं राहून कळलेलं असतं, त्या माणसाची गरज मला आता जास्त वाटते.

एसएमएसचंही असंच एक भांडण आमच्याकडे झालं होतं. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. ‘आपले दूध बिल जमा झाले’ आणि पुढे तारीख, लिटर, रक्कम लिहायची तर दोन संदेशांचे पैसे पडतात. म्हणून मराठी रोमन लिपीत पाठवा, असं ठरत होतं. मी संदेशच लहान केला. ६४ चिन्हांत बसवला आणि देवनागरी ठेवली. त्याला दोन दिवस लागले, ते दोन दिवस कुठल्याही अहवालात दिसत नाहीत.

बुधवारी दुपारी केंद्राच्या सचिवांशी बोलले. चूक आमची होती, दोन्ही बिलं आज सुटतील, असं सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, ताई इथंच आहेत, त्यांना सांगा.” मग फोनवर त्या आल्या. चार म्हशी, दोन बिलांचे मिळून सतरा हजारांच्या वर अडकलेले, पेंडीवाल्याची उधारी झालेली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “नाव आमचं चुकलं होतं का हो?” मी म्हणाले, “नाही ताई, तुमचं नाव बरोबर होतं. आम्ही चुकीचं लिहिलं होतं.” पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलं. मला वाटलं आता आधार बदलून आणावं लागतंय.” पेंडीची उधारी अंगावर असताना, बरोबर असलेलं नाव बदलायला त्या एक दिवसाचं काम मोडून तालुक्याला गेल्या असत्या.

शनिवारी मी सासवडला गेले, लॅपटॉप घेऊन. अप्पांच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलंय, शिडीवर चढणं बंद आहे. पण ऑर्डरींच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्यात, पत्र्याच्या पेटीत, साल घालून. गिऱ्हाइकाने सांगितलेला मजकूर जसाच्या तसा लिहायचा, त्याखाली रंग आणि माप. मी म्हणाले, “अप्पा, मला तुमचा तो अर्धा र असलेले शब्द हवेत. जितके निघतील तितके.” त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. चष्मा लावला आणि वहीमागून वही काढून वाचून दाखवू लागले, मी टाइप करत गेले. गुऱ्हाळ. कुऱ्हाड धार लावून मिळेल. गिऱ्हाइकांसाठी सूचना. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. शेतकऱ्यांचे हक्काचे दुकान. पहाटेच्या न्याहाऱ्या मिळतील. कऱ्हा पतसंस्था. नवऱ्या मुलाकडील मंडळी, हे एका मांडवाच्या कमानीवरचं. प्रत्येक शब्द मी दोन्ही वाटांनी लिहिला, एकदा ऱ वापरून, एकदा जोडक घालून, आणि दोन्ही एकच ठरतात का ते पाहणारी चाचणी चालवली. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

मग त्यांना पडद्यावर ‘वारकऱ्यांचे सहर्ष स्वागत’ मोठं करून दाखवलं, मुक्तामध्ये. ते बराच वेळ बघत राहिले. “शेपूट जरा बारीक घेतलंय,” म्हणाले. “पण जागेवर आहे. कुणी काढला?” मुंबईतल्या लोकांनी, मी सांगितलं. त्यांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने आपला र काढून दाखवला. हात थरथरतो आता, तरी कोर एका फटक्यात आली.

सोमवारी सकाळी बैठक चालू असताना त्यांचा फोन आला. एरवी कामाच्या वेळेत ते करत नाहीत, म्हणून मी बाहेर येऊन घेतला.

“अगं, पायऱ्या राहिल्या. जेजुरीच्या. गडाच्या वाटेवर मीच लिहिलंय ते, ‘पायऱ्यांवर बसू नये’. घाल त्यात.”

घातला.